डोकी मोजली, गुडघे राहिले : बसी वुड्समधल्या एका वनभोजनाचं प्रकरण

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी सव्वा वाजता, शिकागोच्या वायव्येला बसी वुड्स नावाच्या जंगलात, एका उघड्या शेडखाली १३२ मराठी माणसं दाटीवाटीने उभी होती. शेड रीतसर परमिट काढून घेतलेली होती, ९० जणांसाठी. पहिला गडगडाट होऊन पाच मिनिटं झाली होती. मिसळीची रांग नुकती कुठे पुढे सरकायला लागली होती. आणि आमच्यातल्या एक वहिनी शिट्टी फुंकून सगळ्यांना सांगत होत्या की इथे थांबू नका, गाड्यांत जाऊन बसा. ‘अहो, छप्पर आहे की डोक्यावर,’ साताऱ्याहून आलेले एक काका म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. त्या छपरासाठीच तर पैसे भरले होते.

कुणाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण दोन कुटुंबं न जेवता घरी गेली, दहीवड्यांचं अख्खं पातेलं कचऱ्यात ओतावं लागलं, आणि एका आजींना बाकावर जागा असूनही बसता आलं नाही. परमिटचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे यातल्या बऱ्याचशा चुका माझ्या. पुढे हे काम ज्याच्या गळ्यात पडेल (म्हणजे मीटिंगला जो गैरहजर असेल त्याच्या) त्याच्यासाठी झालं तसं लिहून ठेवते.

जंगल, पण काउंटीचं

शिकागोकडच्या मराठी माणसांना जमून काहीतरी करायची सवय जुनी. महाराष्ट्र मंडळ शिकागो १९६९ सालचं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची सुरुवातही १९८१ मध्ये याच शहरात झाली. त्या मानाने आमचा गट अगदीच किरकोळ. ३१ कुटुंबं, ना नोंदणी ना घटना, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक खजिनदार. वर्षातून एकदा वनभोजन. देशात वनभोजन म्हणजे कार्तिक महिना, आवळ्याखाली पंगत. इथे कार्तिकात झाडाला पान नसतं आणि माणसाला स्वतःची बोटं जाणवत नाहीत, म्हणून आमचं वनभोजन आषाढात.

जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वनखातं येतं, नाहीतर बोरिवलीचं नॅशनल पार्क. इथली गोष्ट वेगळी आहे. शिकागो ज्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं, त्या काउंटीने स्वतःच जंगल राखलेलं आहे. सुमारे ७०,००० एकर, म्हणजे काउंटीच्या एकूण जमिनीच्या ११ टक्क्यांच्या आसपास. त्यासाठीचा कायदा १९१३ साली झाला आणि १९१६ मध्ये पॅलाटाइनजवळच्या डियर ग्रोव्हपासून जमीन घ्यायला सुरुवात झाली. ही जमीन नैसर्गिक स्थितीत जपायची आणि लोकांच्या शिक्षणासाठी, आनंदासाठी, करमणुकीसाठी ठेवायची, असं त्या कायद्यातच म्हटलेलं आहे. हे दोन हेतू एकमेकांना टोचतात. परमिटसोबत येणारे बहुतेक नियम त्या टोचण्यातूनच आलेत, हे लक्षात ठेवलं तर ते नियम वाचताना चिडचिड कमी होते.

बसी वुड्स हे त्यातलं साडेतीन हजार एकरांचं जंगल, शाम्बर्ग आणि एल्क ग्रोव्ह व्हिलेजच्या मधोमध. एका अंगाला वूडफिल्ड मॉल, दुसऱ्या अंगाला ओहेअर विमानतळ. ओकच्या सावलीत डोळे मिटून पडलात तरी अधूनमधून डोक्यावरून विमान जातंच. मधलं तळं सॉल्ट क्रीकवर १९७० च्या दशकात बांध घालून तयार केलेलं, मुख्यतः पुराचं पाणी अडवायला. हिगिन्स रोड आणि आर्लिंग्टन हाइट्स रोडच्या कोपऱ्यावर कुंपणात एल्कचा कळप आहे. १९२५ मध्ये वायोमिंगकडून रेल्वेने आणलेल्या जनावरांपासून तो सुरू झाला. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. देशातून आलेल्या मंडळींना तो दाखवायला नेलं की तासभर सहज जातो, आणि आमच्या निम्म्या लोकांनी बसी वुड्सला मत दिलं ते त्या कळपाकडे बघूनच.

इथे सहलीसाठी ज्या जागा ठरवून दिलेल्या आहेत त्यांना ग्रोव्ह म्हणतात. प्रत्येकीला क्रमांक, तो रस्त्यालगतच्या पाटीवर. काही ग्रोव्हमध्ये नुसती टेबलं आणि झाडं, काहींत शेड. शेड म्हणजे काँक्रीटची जमीन, खांब आणि वर छप्पर, भिंत एकही नाही. २५ किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर परमिट घ्यावंच लागतं. त्याखालचा गट मोकळ्या टेबलावर जाऊन बसू शकतो.

परमिट कुणाच्या नावाने

मी राहते नेपरव्हिलला. नेपरव्हिल कुक काउंटीत येत नाही, त्याचा बराचसा भाग ड्यूपेज काउंटीत आहे, आणि ड्यूपेजचं जंगल-खातं निराळं, तेही १९१५ पासूनचं. कुकच्या रहिवाशांना एक दर आणि बाहेरच्यांना त्याहून बराच जास्त. हे मला फॉर्मच्या तिसऱ्या पानावर कळलं. मग शाम्बर्गच्या एका जोडप्याच्या नावाने परमिट काढलं. पैसे वाचले, खजिनदार खूश. पण ज्याच्या नावाने परमिट तो माणूस कागदासकट जागेवर हजर हवा. आणि आमचे हे सद्गृहस्थ कुठल्याही समारंभाला दीड तास उशिरा येण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. सकाळी साडेनऊला आम्ही चौघी पातेल्यांसह ग्रोव्हमध्ये, कागद त्यांच्या घरच्या प्रिंटरमध्ये. सुदैवाने कुणी विचारायला आलं नाही. पण शेजारच्या ग्रोव्हमधला एक गट आमचीच जागा आपली समजून टेबलक्लॉथ अंथरत होता, आणि त्यांच्याशी बोलताना माझ्याकडे फक्त फोनमधला एक धूसर फोटो होता. त्यांनी समजून घेतलं आणि आपले टेबलक्लॉथ गुंडाळून पलीकडे गेले. मीही त्यांना थालीपीठ दिलं. तेव्हा दर पाहून नाव निवडा, पण वक्तशीर माणसाचं निवडा.

माइकसाठी, म्हणजे कुठल्याही आवाज वाढवणाऱ्या यंत्रासाठी, वेगळी परवानगी लागते. मुलांच्या उड्या मारायच्या हवेच्या फुग्याच्या घराचंही तसंच, ते भाड्याने देणाऱ्याच्या विम्यासकट. दोन्ही आम्ही सोडून दिलं. अंताक्षरी घशावर होते, असं अध्यक्ष म्हणाले. (गटाला घटना नाही, पण अध्यक्ष आहेत.) माइक न घेण्याचा हा निर्णय पुढे महागात पडता पडता राहिला.

ज्यांच्या गावाजवळ केंद्र सरकारचं नॅशनल फॉरेस्ट आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथलं आरक्षण बहुतेक ठिकाणी रिक्रिएशन डॉट गव्हवरून होतं. दिवसभरासाठी घेतलेली गटाची जागा १४ दिवसांच्या आत रद्द केली तर भरलेलं भाडं विसरायचं. शिवाय ७५ किंवा अधिक माणसं जमणार असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसचा गट-परवाना लागतो. तो फुकट असतो, पण अर्ज निदान ७२ तास आधी जायला हवा. शेडचं आरक्षण केलं म्हणजे हाही आपोआप मिळाला असं धरू नका. रेंजरच्या कार्यालयात फोन करून विचारा.

९० चे १३२

आता मूळ दुखणं. फॉर्मवर एक चौकोन असतो: माणसं किती. त्या आकड्यावर कुठली ग्रोव्ह मिळणार आणि पैसे किती लागणार ते ठरतं. आम्ही ग्रुपवर विचारलं. उत्तरं आली ती अशी: अंगठा, अंगठा, ‘आम्ही ४’, ‘बघतो, कळवतो’, हात जोडल्याचं चित्र, ‘प्रयत्न करतो’. मोजून ८८ झाले. मी ९० लिहिले आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झाले.

प्रत्यक्षात १३२ आले. वरच्या ४४ जणांचा हिशेब मी नंतर बसून मांडला. ‘बघतो, कळवतो’ म्हणणारी चार कुटुंबं न कळवता आली, ते ११ जण. कुणाचे मित्र, कुणाची पुण्याहून कामासाठी आलेली मावसबहीण, असे ६. उरलेले २७ म्हणजे आई-बाबा.

हे मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. देशातून आई-वडील इथे येतात ते उन्हाळ्यात. मे-जूनमध्ये येतात, सहा महिन्यांचा शिक्का असतो, दिवाळीच्या आगेमागे परततात. थंडीत कोण येणार? म्हणजे जुलैतल्या कुठल्याही शनिवारी आपल्या गटात चार माणसांच्या कुटुंबाची सहा झालेली असतात. पण फेब्रुवारीत ग्रुपवर विचारलं की लोक त्या दिवशी घरात असलेली डोकी मोजून सांगतात. तिकिटंही तेव्हा काढलेली नसतात. यात कुणी लबाडी केलेली नाही, आकडा त्या दिवसापुरता खराच असतो.

आणि २७ ज्येष्ठ म्हणजे नुसती २७ जास्तीची डोकी नव्हेत. आम्ही डोकी मोजली, गुडघे मोजलेच नाहीत.

सहलीच्या टेबलाची रचना एकदा नीट बघा. लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना त्यालाच जोडलेली बाकं, बाकाला पाठ नाही. बसायचं तर एक पाय उचलून बाकावरून पलीकडे टाकायचा, क्षणभर घोड्यावर बसल्यासारखं व्हायचं आणि मग दुसरा पाय आत घ्यायचा. चाळिशीतल्या माणसाला यात काही वाटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना, त्यातून नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या, हे अशक्य. त्यांना बसता येतं ते फक्त बाकाच्या टोकाला, पाय बाहेर ठेवून, कंबर पिळून. आमच्या शेडमध्ये दहा टेबलं होती. एका टेबलाला आठ जण धरले तर ८० जागा, हा हिशेब मी केला होता. पण ज्यांचे पाय उचलत नाहीत त्यांच्यासाठी दहा टेबलांची चाळीस टोकं, आणि त्यातली निम्मी डबे, कूलर आणि कुणाच्या तरी डायपरच्या पिशवीने आधीच अडवलेली. एक आजी बारा वाजता आल्या, शेडच्या कडेला उभ्या राहिल्या. तीन जणांनी ‘बसा ना आजी’ म्हटलं, आणि त्या तीन वेळा हसून ‘नको, बरी आहे’ म्हणाल्या. मुलाने गाडीतून घडीची खुर्ची आणेपर्यंत पंचवीस मिनिटं त्या उभ्याच. ती खुर्चीही अशी खोल की त्यातून उठवायला पुन्हा दोघं लागले.

टेबलांत एखादं असं असतं की ज्याची फळी एका बाजूने पुढे आलेली असते, चाकाची खुर्ची आत जावी म्हणून. ते आमच्या शेडमध्येही होतं. त्यावर आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले होते.

जागा कशी निवडली

तळ्याकाठची ग्रोव्ह मिळत होती. फोटोत सुंदर. ती मी घेतली नाही, आणि या एका गोष्टीबद्दल मला अजून कौतुक हवं आहे. तळ्याकाठच्या गवतावर कॅनडा गूज चरतात, आणि चरणारं बदक जे करतं ते सगळं त्याच गवतावर करतं. लगोरी, खो-खो, लिंबू-चमचा असा कार्यक्रम असताना मुलांचे पाय कशात पडणार हे आधी चालत जाऊन बघावं. मी एप्रिलमध्ये गेले होते, चपला धुऊन परत आले.

आत झाडीत जी ग्रोव्ह घेतली ती सावलीची, सपाट. पण पार्किंगपासून शेड जवळपास दीडशे पावलं, आणि गाडी गवतावर घालायला बंदी, सामान उतरवायलासुद्धा नाही. मिसळीचं पातेलं दोघांनी कानांना धरून नेलं, मध्ये दोनदा टेकवत. तर्रीचा एक ओघळ पायवाटेवर राहिला. मुलांना ओढायची जी घडीची चारचाकी गाडी असते ती तीन घरांतून आणायला सांगितली होती, एकच आली, आणि तिच्यात मुलंच बसून आली. वीज नाही, नळ नाही. हात धुण्याचं पाणी आम्ही नेलं होतं, पण स्वच्छतागृहात पाणी लागेल हे ज्येष्ठांच्या बाजूने कुणी विचारात घेतलं नव्हतं. त्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही. दोन-तीन आज्यांनी सकाळपासून पाणीच कमी प्यायलं, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. बाहेर ९२ फॅरनहाइट होतं, म्हणजे आपलं ३३. हे मला त्या दुपारच्या गडगडाटापेक्षाही जास्त लागलं.

वीज

त्या शनिवारी संकष्टी होती, हे आणखी एक. सोळा जणांचा उपास. चंद्रोदय रात्री उशिरा, आणि जंगल सूर्यास्ताला बंद होतं. तेव्हा उपास सोडण्याचा प्रश्न आमच्या हद्दीबाहेर होता, पण साबुदाण्याची खिचडी वेगळी हवी होती. ती होती, पुरली, दाण्याचं कूट जरा जास्त झालं होतं. बाकीच्यांना मिसळ, पाव, दहीवडे, ताक आणि कोळशावर भाजलेली कणसं. इलिनॉय मक्याचं राज्य खरं, पण खायला मिळतं ते गोड, मऊ कणीस. आपल्या देशी कणसासारखं निखाऱ्यावर धरलं तर भाजण्याआधी दाणे सुरकुततात. लिंबू-तिखट चोळलं की चालतं, एवढंच.

एक वाजून दहा मिनिटांनी पहिला गडगडाट. लांबचा, सौम्य. मैदानातली मुलं, झाडाखालचे पत्तेवाले, सगळे शेडकडे धावले. स्वाभाविकच. आणि तेव्हा त्या वहिनींनी शिट्टी काढली. त्यांच्या मुलाच्या सॉकर टीमचं व्यवस्थापन त्या बघतात. तिथला नियम त्यांना पाठ: गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे, तेव्हा खेळ बंद, सगळे पक्क्या इमारतीत किंवा धातूचं छप्पर असलेल्या गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. प्रत्येक नवा गडगडाट झाला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

उघडी शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. अमेरिकेचं हवामान खातं हे वर्षानुवर्षं सांगतंय. वीज छपरावर किंवा शेजारच्या झाडावर पडली तर ती खांबांतून आणि जमिनीतून पसरते, आणि आपण ओल्या काँक्रीटवर खांबाला टेकून उभे असतो. बंद इमारतीत भिंतींमधल्या तारा आणि नळ तो प्रवाह जमिनीत नेतात. शेडला यातलं काहीच नसतं. गाडीत वाचतो ते टायरच्या रबरामुळे नव्हे. धातूचा सांगाडा प्रवाह बाहेरच्या बाहेर नेतो म्हणून. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. जुलैत या भागात दुपारची वादळं नेहमीची असताना मी सहा महिने छप्पर शोधत होते.

माइक नाही. १३२ जण, प्रत्येक जण काहीतरी बोलतोय, पाऊस पत्र्यावर वाजायला लागलेला. शिट्टीने मुलं हलली, मोठे नाही. शेवटी एका मुलीने लेझीम उचललं आणि शेडच्या मधोमध उभी राहून जोरात वाजवलं. सगळे वळून बघायला लागले. तेवढ्यात वहिनींनी दोन वाक्यांत सांगून घेतलं. साताऱ्याच्या काकांना पटलं नाही, पण दुसऱ्या गडगडाटाला ते निघाले.

दीडशे पावलं. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजोबा, काठीवाले चौघे, आणि ती गवतातली पायवाट. तरुणांनी आपापल्या आई-बाबांऐवजी जो जवळ असेल त्याचा हात धरला, आणि हे कुणी सांगावं लागलं नाही. जवळची गाडी कुणाची का असेना, तिच्यात बसायचं. मी माझ्या गाडीत शिरले तेव्हा मागच्या सीटवर मला न ओळखणाऱ्या दोन आजी होत्या. मीही त्यांना ओळखत नव्हते. एकीने पर्समधून खोबऱ्याची वडी काढून दिली. तासाभरात मला इचलकरंजीच्या एका वाड्याच्या वाटणीचा संपूर्ण इतिहास समजला.

एक तास पाच मिनिटं लागली, कारण दोनदा घड्याळ पुन्हा सुरू करावं लागलं. त्या वेळात एक जण गाडी घेऊन किराण्याच्या दुकानात गेला आणि आठ पाकिटं पाव घेऊन आला, कारण दोनशे पाव १३२ जणांना पुरणार नाहीत हे गाडीत बसल्यावर खजिनदाराच्या लक्षात आलं. तान्ही मुलं असलेली दोन कुटुंबं कंटाळून घरी गेली. त्यांना दोष नाही.

परतलो तेव्हा फरसाण ओलं, कोळसा विझलेला, मिसळ मात्र झाकणाखाली वाफाळलेली. दहीवडे टेबलावरच राहिले होते. वाढायला काढले होते साडेबाराला, आता अडीच वाजत आलेले. इथला अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा की दही-दुधाचं, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा ९० फॅरनहाइटच्या पुढे असेल तर एकच तास. ज्या काकूंनी आदल्या रात्री दीडशे वडे तळले होते त्या म्हणाल्या, ‘एवढं काही होत नाही.’ मला त्यांचं मन मोडायचं नव्हतं आणि २७ ज्येष्ठांची पोटंही बिघडवायची नव्हती. मी पातेलं उचललं आणि कचऱ्याच्या पिशवीत ओतलं. काकू माझ्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या. दही शेवटच्या क्षणी, कूलरमधून काढून घालायचं, हे त्यांनीच सुचवलं.

पावसामुळे परमिटचे पैसे परत मिळत नाहीत, पाऊस असो ऊन असो परमिट त्या दिवसाचंच. खजिनदाराने तरी विचारून बघ म्हणून सांगितलं. मी विचारलं नाही.

निखारे

एक लहान गोष्ट, पण मोठी होऊ शकली असती. कणसांसाठी पुन्हा कोळसा पेटवला होता. सहा वाजता आवरायला घेतलं तेव्हा एका मुलाने ग्रिल उचललं आणि राख एका ओकच्या बुंध्याशी ओतली. वर राखाडी थर, म्हणजे विझलाय असं त्याला वाटलं. कोळशाच्या आत धग तासन्‌तास राहते. पानगळीचा थर असेल तर तो धुमसतो, मुळं भाजतात, आणि अनवाणी पळणारं पोर त्यावर पाय देतं. निखाऱ्यांसाठी ग्रोव्हमध्ये वेगळं पिंप ठेवलेलं असतं, आमच्यापासून चाळीस पावलांवर ते होतंच. त्याच्यावर काय लिहिलंय ते सकाळी कुणी कुणाला दाखवलं नव्हतं. मुलाने फावडं नसल्यामुळे दोन स्टीलच्या ताटल्यांनी निखारे गोळा केले, हात थोडा भाजला. ताकाची उरलेली बादली बुंध्याशी ओतली. ओकला ताक चालतं का, माहीत नाही.

कचऱ्याच्या अकरा पिशव्या झाल्या. पिंपं भरून वाहत होती, तेव्हा चार पिशव्या गाडीतून घरी आणल्या. सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही ग्रोव्ह सोडली, सूर्यास्ताला तासभर बाकी असताना.

या वर्षीचा फॉर्म

या वेळी आम्ही शेजारशेजारच्या दोन ग्रोव्ह मागतो आहोत. एक शेडची, एक नुसत्या झाडांची, दोन्ही पार्किंगला लागून, सावली कमी असली तरी चालेल. तारीख पंचांग बघून. सरळ पाठीच्या वीस खुर्च्या एका जणाच्या गॅरेजमधून येतील. पुढे आलेल्या फळीचं टेबल रिकामं ठेवायचं, त्यावर खोके ठेवणाऱ्याने पुढच्या वर्षी परमिट काढायचं, असा ठराव झाला. स्वच्छतागृहाच्या दाराशी पाण्याचा पिंप आणि मग. विजेचा नियम निमंत्रणातच लिहायचा, आणि पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या कुणी कुठल्या गाडीत पळायचं ते ठरवून टाकायचं. लेझीम आणायचं.

आकडा मात्र अजून अडलेला आहे. ग्रुपवर मी यंदा ‘तुम्ही किती’ असं विचारलंच नाही. विचारलं: जुलैत घरी कोण कोण असेल, त्यातल्या किती जणांना बाकावरून पाय टाकता येत नाही? तीन दिवसांत चार अंगठे आले, दोन ‘बघतो, कळवतो’ आले. पाचव्या दिवशी साताऱ्याच्या काकांचा मेसेज आला, इथल्या कुणाच्याही आधी: ‘जूनचं तिकीट काढलं आहे. आम्ही दोघे. हिचा उजवा गुडघा. खुर्ची धरा.’